मुलांच्या औषधाची चव आणि माप यांसाठी नियम हवेत

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

इंदूरच्या लोकमान्य नगर भागात माझं औषधांचं दुकान आहे. फार्मासिस्ट म्हणून नोंदणी माझ्याच नावावर आहे आणि काउंटरवर बहुतेक वेळ मी स्वतः उभी असते. लहान मुलांच्या औषधांबद्दल वर्तमानपत्रांत लिहून येतं ते एखादी भयंकर घटना घडल्यावर. पण मूल औषध तोंडात ठेवत नाही, आणि पोटात गेलं ते नेमकं किती गेलं हे आईलाही सांगता येत नाही, ही गोष्ट रोज घरोघरी घडते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. माझं म्हणणं असं की औषधाची चव आणि ते मोजायचं साधन हे दोन्ही औषधाचाच भाग धरले पाहिजेत. त्यासाठी नियम हवेत. आज हे सगळं कंपनीच्या मर्जीवर चाललं आहे.

पावसाळा लागला की दुकानात एक प्रश्न हमखास येतो. "ताई, त्यानं अर्धं थुंकलं, परत देऊ का?" कधी आई विचारते, कधी आजी, कधी कामावरून परस्पर आलेले वडील. घेतल्याबरोबर सगळंच्या सगळं बाहेर आलं असेल तर बहुधा पुन्हा देता येतं, अर्धा तास उलटून गेला असेल तर देऊ नये, इतपत मी सांगते आणि डॉक्टरांना फोन करायला लावते. पण खरी परिस्थिती इतकी स्वच्छ नसते. थोडं गिळलं, थोडं हनुवटीवरून ओघळलं, थोडं आईच्या पदराला पुसलं गेलं. तापाचं औषध असेल तर पुन्हा दिल्यानं मात्रा जास्त होण्याची भीती, आणि अँटिबायोटिक असेल तर न दिल्यानं मात्रा कमी पडण्याची. यातलं किती गेलं हे ठरवायला त्या बाईकडे काहीही साधन नाही आणि माझ्याकडेही नाही. पाच दिवसांचा कोर्स तिसऱ्या दिवशी सुटतो तो यामुळेच. मूल जरा खेळायला लागलं की घरातले म्हणतात, जाऊ दे, कशाला त्याचे हाल. मी त्यांना दोष देत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ पोटच्या पोराचे हात धरून जबरदस्तीनं औषध पाजणं किती जड जातं ते मी माझ्या नातवाच्या कान फुटण्याच्या दुखण्यात पाहिलं आहे.

मूल हट्टी आहे म्हणून थुंकतं, हा समज आधी सोडला पाहिजे. माणसाच्या जिभेवर कडू ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे सूक्ष्म स्वादग्राही (रिसेप्टर) असतात. वनस्पतींमधली पुष्कळशी विषं कडू असतात, त्यामुळे कडू लागताच बाहेर टाकायचं ही शिकवण शरीराला जन्मतःच मिळालेली असते. आणि औषधी द्रव्यं बहुतेक कडूच. मोठा माणूस गोळी घोटभर पाण्याबरोबर गिळतो, जिभेला पत्ता लागू देत नाही. दोन वर्षांच्या मुलाला ती सोय नाही. त्याच्यासाठी औषध विरघळवून पातळ केलेलं असतं, म्हणजे कडूपणा सगळ्या तोंडभर पसरतो. अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोनेल नावाची चव आणि वास यांचा अभ्यास करणारी संस्था आहे. तिथल्या ज्युली मेनेला यांनी मुलांच्या चवीवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त गोड आवडतं, आणि मोठ्यांना चालून जाणारा कडूपणा त्यांना सोसत नाही, असं त्या कामातून दिसतं.

कडूपणा झाकायचं शास्त्र आहे आणि ते जुनं आहे. कॉलेजात आम्हाला क्विनीनचं द्रावण पातळ पातळ करत जिभेवर ठेवायला लावत, कडूपणा मोजण्यासाठी. तेव्हापासून मला या विषयाची गोडी लागली. नुसती साखर ओतून भागत नाही, कारण गोडाची चव आधी येऊन निघून जाते आणि कडू मागे राहतं. म्हणून औषधाच्या बारीक कणांवर असं आवरण चढवतात की ते तोंडात विरघळत नाही, पोटात गेल्यावर विरघळतं. कधी औषधाचं रूपच बदलतात. जुलाबावरचं मेट्रोनिडाझोल जिभेला लागलं तर तोंड वाकडं होतं, पण मुलांच्या बाटलीत ते बेंझोएट रूपात असतं. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे जिभेला फारसं कळत नाही. क्लोरअँफेनिकॉलचं पामिटेट हे याच युक्तीचं आणखी जुनं उदाहरण. चिमूटभर मिठानंही कडूपणा दबतो. म्हणजे मार्ग आहेत आणि ते कारखान्यांना चांगले माहीत आहेत. तरीही एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या बाटल्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. कुणाची बाटली मुलं मागून घेतात, कुणाची तिसऱ्या दिवशी कचऱ्यात जाते. औषधाचं प्रमाण बरोबर आहे ना, एवढं तपासून माल बाजारात येतो. मूल ते घेईल का, हे कुणी तपासून घेत नाही.

काही औषधं जात्याच त्रासदायक. सेफपोडॉक्झिम, सेफ्युरॉक्झिम यांची मागून येणारी कडवट चव मुलं विसरत नाहीत. सेफिक्झिम त्या मानानं सहज घेतात. प्रेडनिसोलोन कडू, क्लॅरिथ्रोमायसिन तर फारच. आवरण चढवलेलं औषध मोसंबीच्या रसात कालवून देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण क्लॅरिथ्रोमायसिन आणि अझिथ्रोमायसिन आंबट रसाबरोबर आणखी कडू लागतात. हे मी प्रत्येकीला सांगते, कारण खोक्यावर हे छापलेलं नसतं. दोन औषधं सारखीच लागू पडणार असतील तर त्यातलं मूल घेईल असं लिहून द्यावं, एवढी माझी बालरोगतज्ज्ञांना विनंती आहे. काही डॉक्टर हे करतात. त्यांच्या पेशंटची आई दोन दिवसांनी औषध बदलून मागायला येत नाही.

आपल्या घरांत मुलांना औषध देण्याची परंपरा नव्हती असं नाही. सहाणेवर बाळगुटी उगाळायची तेव्हा वेखंडाचा अर्धा वेढा, हळकुंडाचा एक, हिरड्याचे दोन, बाळ मोठं होत जाईल तसे वेढे वाढवायचे, असं आजीच्या बोटांना पाठ असे. बाळाच्या वयानुसार मात्रा बदलायची हे त्या बायकांना कळत होतं, आणि पातळ पदार्थ बाळाच्या गालाशी हळूहळू सोडायला बोंडलंही होतं. त्यातल्या दोन सवयी मात्र आज सोडाव्यातच. एक म्हणजे मधातलं चाटण. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातल्या जिवाणूंमुळे बाळाला लकव्यासारखा गंभीर विकार होऊ शकतो. दुसरी म्हणजे नाक दाबून तोंड उघडायला लावणं. रडतं मूल श्वास आत ओढतं आणि औषध श्वासनलिकेत जातं. मुलाला अर्धवट बसवून, गालाच्या आतल्या बाजूला, थोडं थोडं सोडावं.

आता मापाचं. चवीपेक्षाही मला या गोष्टीची जास्त धास्ती वाटते, कारण चव वाईट असेल तर मूल ओरडून सांगतं, माप चुकलं तर कुणालाच कळत नाही.

माझ्या दुकानात पॅरासिटामॉलची मुलांसाठीची बाटली तीन-चार ताकदींत असते. तान्ह्या बाळाच्या ड्रॉप्समध्ये एका मिलीत १०० मिलिग्रॅम. साध्या सिरपमध्ये पाच मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम. 'डीएस' (दुप्पट ताकदीचं) म्हणतात त्यात पाच मिलीत २५०. दहा किलोच्या मुलाला एका वेळी साधारण १५० मिलिग्रॅम लागतं, किलोमागे १५ या हिशोबानं. म्हणजे ड्रॉप्स असतील तर दीड मिली, साधं सिरप असेल तर सहा मिली, २५० चं असेल तर तीन मिली. आता असं धरा की थोरल्याचं सिरप संपलं म्हणून घरात पडलेली धाकट्याची ड्रॉप्सची बाटली काढली आणि नेहमीप्रमाणे एक चमचा दिला. पाच मिलीत ५०० मिलिग्रॅम गेलं. मोठ्या माणसाची अख्खी गोळी दहा किलोच्या मुलाला एका घोटात. हेच रात्रीतून तीन वेळा झालं तर यकृताला इजा होऊ शकते. बाटल्या दिसायला सारख्या, नाव एकच, चित्र एकच, आणि ताकदीचा आकडा लेबलाच्या कोपऱ्यात. इंदूरमध्ये आई हिंदीत वाचते, आजी मराठीत, आणि छापलेलं असतं इंग्रजीत.

अमेरिकेत हाच गोंधळ होता. २०११ मध्ये तिथल्या औषध कंपन्यांनी मुलांच्या पातळ पॅरासिटामॉलची ताकद एकच ठेवायचं ठरवलं, पाच मिलीत १६० मिलिग्रॅम, मग बाळ असो की मोठं मूल. २०१५ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं चमच्याचा हिशोब बंद करून फक्त मिलीत लिहावं, असं धोरण जाहीर केलं. आपल्याकडे आजही चिठ्ठीवर 'एक चमचा तीन वेळा' असतं. कुठला चमचा? लोकांनी आणून दाखवलेले घरचे चमचे मी मापून पाहिले आहेत. कुणात तीन मिली मावतं, कुणात सातपर्यंत जातं. साखरेच्या डब्यातला वेगळा, भरवायचा वेगळा, चहाचा वेगळा.

बाटलीच्या टोपणावर पारदर्शक कप बसवलेला असतो, त्याच्यावर भिस्त ठेवावी तर त्यातल्या खुणाही पारदर्शक, उठावदार रेघा नुसत्या. रात्री दोन वाजता नाइट लॅम्पच्या उजेडात तापलेलं मूल कडेवर घेऊन त्या रेघा वाचून दाखवाव्यात कुणीतरी. बहुतेक कपांवर सगळ्यात खालची खूण अडीच मिलीची असते, त्यामुळे दीड मिली किंवा तीन मिली त्यात मोजताच येत नाही. शिवाय औषध कपाच्या तळाला चिकटून राहतं ते वेगळंच. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आई-वडिलांना औषध मोजायला लावलं, तेव्हा पाचातल्या चारांहून अधिक जणांची निदान एकदा तरी चूक झाली, आणि कपानं मोजताना चुका सिरिंजपेक्षा कितीतरी जास्त झाल्या. त्यांत शिकलेले लोकही होते. तेव्हा हा आपल्या अशिक्षितपणाचा प्रश्न नाही, साधनाचा आहे.

सुई नसलेली पाच मिलीची सिरिंज काही रुपयांना मिळते. मी मुलांच्या औषधाबरोबर ती देते आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेवर मार्करनं रेघ ओढून देते. बडवानी, खरगोनकडून एमवायएच या इथल्या सरकारी रुग्णालयात मूल दाखवायला आलेल्या बायका कधी नातेवाइकांबरोबर माझ्याकडे येतात. अक्षरओळख नसली तरी रेघेपर्यंत औषध ओढायचं हे त्यांना एकदा दाखवलं की कळतं, आणि त्या इतक्या चोख मोजतात की बघत राहावं. एवढी सोपी गोष्ट आहे. तोंडानं औषध द्यायच्या वेगळ्या सिरिंज असतात, त्यांना सुई बसतच नाही. खरं तर खोक्यात त्याच यायला हव्यात. इंजेक्शनची साधी सिरिंज वापरायची तर सुई आणि तिच्या टोकावरचं बारीक टोपण आधी काढून फेकून द्यावं, ते टोपण मुलाच्या घशात अडकू शकतं.

ड्राय सिरपची तऱ्हा निराळी. बाटलीत पावडर असते, तिच्यात उकळून गार केलेलं पाणी रेघेपर्यंत घालायचं, हलवायचं, फेस बसला की पुन्हा रेघेपर्यंत भरायचं. पाणी कमी पडलं तर औषध जहाल होतं, जास्त झालं तर पुळकवणी. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेटची बाटली एकदा कालवली की फ्रिजमध्ये ठेवून सात दिवसांत संपवायची. ज्याच्या घरी फ्रिज नाही त्यानं मे महिन्यात काय करायचं? आणि दर वेळी बाटली हलवली नाही तर औषध तळाशी बसतं. पहिले दोन दिवस मुलाला जवळजवळ गोड पाणीच जातं आणि शेवटच्या दिवशी उरलेलं सगळं. मी शक्य तेव्हा काउंटरवरच कालवून देते. सगळीकडे तेवढी उसंत नसते, हे मलाही कळतं.

सगळ्यात वाईट अवस्था असते ती दीर्घ आजाराच्या बाळांची. हृदयात दोष असलेल्या पाच किलोच्या बाळाला फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) किलोमागे एक मिलिग्रॅम, म्हणजे पाच मिलिग्रॅम लिहून दिलेलं असतं आणि माझ्याकडे गोळी असते चाळीसची. पातळ औषध दर वेळी हाताशी असतंच असं नाही. मग गोळी कुटायची, तिच्या आठ सारख्या पुड्या करायच्या. कागदावर नजरेनं केलेल्या आठ पुड्या सारख्या कधीच होत नाहीत, आणि हे रोज, महिनोन् महिने. अशी आई पुड्या घ्यायला येते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जी काळजी असते, ती तिनं एकटीनं का वाहायची? बाळाच्या मापाची गोळी बनवणं अशक्य आहे का?

मुळीच नाही, आणि याचा पुरावा आपल्याच देशात आहे. आम्ही दुकानदार 'डीटी' म्हणतो ती पाण्यात विरघळणारी गोळी. क्षयरोगाच्या मुलांना पूर्वी मोठ्यांच्या गोळ्यांचे तुकडे नाहीतर वेगवेगळी कडू औषधं घ्यावी लागत, सहा सहा महिने. २०१५ च्या डिसेंबरमध्ये मुलांसाठी बेतलेली तीन औषधांची एकच गोळी जाहीर झाली: रिफॅम्पिसिन ७५, आयसोनियाझिड ५०, पायराझिनामाइड १५० मिलिग्रॅम. फळाची चव, पाण्यात टाकली की काही क्षणांत विरघळते. ४ ते ७ किलोच्या मुलाला एक, ८ ते ११ ला दोन, १२ ते १५ ला तीन, १६ ते २४ ला चार. चमचा नाही, भागाकार नाही, गोळ्या मोजायच्या आणि द्यायच्या. आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात या गोळ्या मुलांना मोफत मिळतात. जुलाबाच्या मुलांसाठी २० मिलिग्रॅमची झिंकची डीटीही अशीच, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, त्यापुढच्याला एक, चौदा दिवस. आशाताई ती ओआरएसच्या पाकिटाबरोबर घरपोच देतात. मलेरियासाठी चेरीच्या चवीची विरघळणारी गोळी २००९ मध्येच आली. एचआयव्हीच्या बाळांना एके काळी लोपिनाविर-रिटोनाविरचं जे सिरप देत, ते तोंडात धरवणार नाही इतकं कडू आणि त्यात ४२ टक्के अल्कोहोल. आज त्यांच्यासाठी डोल्युटेग्राविरची दहा मिलिग्रॅमची स्ट्रॉबेरीच्या चवीची डीटी आहे. हे सगळे गरिबांचे आजार, जिथं नफा कमी. तिथं जमलं, तर तापाला आणि कानाच्या दुखण्याला का जमू नये? जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये मुलांसाठी आवश्यक औषधांची पहिली वेगळी यादी काढली, आणि मुलांना शक्यतो पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्यांसारखी घनरूप औषधं द्यावीत, असं तिचं म्हणणं आहे. अशा गोळीला फ्रिज लागत नाही, प्रवासात फुटत नाही, सांडत नाही.

आणि तिच्यात औषध विरघळवायचा पातळ द्रावक नसतो. हा मुद्दा मध्य प्रदेशात राहणाऱ्या माणसाला टाळता येणार नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यात, परासियाच्या भागात, खोकल्याचं सिरप घेतलेली वीसहून अधिक मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. कितीतरी पालक लेकरांना घेऊन नागपूरपर्यंत धावले. त्या सिरपमध्ये तमिळनाडूच्या तपासणीत ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. परवानगी असते ०.१ टक्क्याची. हे रसायन चवीला गोड असतं. त्या आयांना ते औषध चांगलं वाटलं असेल, मुलांनी तोंड न वाकडं करता घेतलं असेल, हे मनात आलं की माझं मन थाऱ्यावर राहत नाही. अमेरिकेत १९३७ मध्ये हेच घडलं होतं. सल्फानिलमाइडचं रासबेरीच्या चवीचं पातळ औषध निघालं, त्याची चव, रंग आणि वास तपासला गेला, विषारीपणा तपासलाच नाही. शंभराहून अधिक माणसं गेली, त्यात मुलं पुष्कळ. त्यानंतर १९३८ मध्ये तिथं कडक कायदा आला. मुंबईत १९८६ मध्ये रुग्णालयातल्या ग्लिसरीनमध्ये हेच विष निघालं होतं. इतक्या वेळा झालेली गोष्ट पुन्हा घडते याचा अर्थ कच्च्या मालाची प्रत्येक खेप तपासायची सक्ती कागदावर राहिली आहे. म्हणून चव सुधारा असं मी म्हणते तेव्हा जास्त गोड, जास्त रंगीत सिरपं काढा असं मला म्हणायचं नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला सर्दी-खोकल्याचं सिरप देऊच नये, असं केंद्र सरकारनंही त्या घटनेनंतर सांगितलं आहे. माझ्या दुकानात ते चिठ्ठीशिवाय मागितलं तर मिळत नाही, आणि त्यावरून गिऱ्हाईक रागावून गेलं तरी चालेल.

चवदार औषध मुलं चोरून खातील, ही शंका काही पालक बोलून दाखवतात, आणि ती रास्त आहे. अमेरिकेत संत्र्याच्या चवीची मुलांची ॲस्पिरिन निघाली तेव्हा मुलांनी खाऊच्या गोळ्या समजून ती भरपूर खाल्ली, विषबाधा वाढल्या, आणि अखेर १९७० मध्ये मुलांना उघडता न येणारी झाकणं लावण्याचा कायदा करावा लागला. दाबून फिरवायचं ते झाकण महाग नसतं. माझ्या फळीवरच्या बाटल्यांत मात्र बहुतेकांना साधं फिरकीचं झाकण आहे, लोहाच्या सिरपलासुद्धा, आणि लोह जास्त गेलं तर लहान मुलाच्या जिवावर बेततं. तेव्हा चव आणि झाकण बरोबरच आलं पाहिजे. आणि आया-आज्यांनी कृपा करून "हे चॉकलेट आहे" असं सांगून औषध देऊ नये. औषध आहे, बरं वाटण्यासाठी आहे, असंच सांगावं. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला ते कळतं. देण्याआधी बर्फाचा छोटा चुरा चोखायला दिला तर जीभ जरा बधिर होते; सहा महिन्यांवरच्या बाळाला औषधानंतर लगेच केळ्याचा किंवा खिरीचा घास दिला तरी चालतो. दुधाच्या अख्ख्या बाटलीत औषध मिसळू नये. बाळानं अर्धं दूध टाकलं तर औषधही अर्धंच गेलं, आणि दुधाचा कंटाळा बसला तर तो वेगळा.

पीथमपूर इथून तासाभराच्या अंतरावर आहे. तिथं औषधांचे इतके कारखाने आहेत, आमच्या दवा बाजारात त्यांचा माल येतो, आणि तिथं काम करणाऱ्या रसायनतज्ज्ञांत आपली मराठी मुलंमुलीही आहेत. त्यांना आणि राज्याच्या व केंद्राच्या औषध नियंत्रकांना माझी या पत्रातून विनंती आहे. मुलांच्या पातळ औषधाच्या प्रत्येक खोक्यात मिलीच्या ठळक, काळ्या खुणा असलेली तोंडावाटे द्यायची सिरिंज सक्तीची करा. पॅरासिटामॉलची पातळ ताकद एकच ठेवा, आणि ते होईपर्यंत निदान ड्रॉप्सच्या लेबलावर हिंदीत आणि त्या त्या राज्याच्या भाषेत मोठ्या अक्षरांत लिहा की हे औषध चमच्यानं द्यायचं नाही. परवाना देताना मुलं हे औषध घेतात का, याचीही चाचणी मागा. रोज लागणाऱ्या अँटिबायोटिकच्या, हृदयाच्या, फिट्सच्या औषधांच्या कमी ताकदीच्या डीटी गोळ्या सरकारी खरेदीत आणा. सरकार घेतंय म्हटलं की कारखाने बनवतात, हे क्षयरोगाच्या गोळीनं दाखवून दिलं आहे.

इंदूरच्या डॉक्टरांकडे मागणं छोटं आहे. चिठ्ठीवर मुलाचं त्या दिवशीचं वजन लिहा, औषधाची ताकद लिहा, आणि मात्रा मिलीत लिहा. वजन लिहिलेलं असेल तर मी काउंटरवर हिशोब पडताळून पाहू शकते आणि शंका आली तर तुम्हाला फोन करू शकते. वजनाशिवाय माझ्या हातात काही नसतं. पालकांनीही दुकानात येताना घरातली आधीची बाटली बरोबर आणावी, म्हणजे नवीन औषधाची ताकद तीच आहे की वेगळी ते तिथल्या तिथे बघता येईल. आणि सिरिंजवर रेघ मारून मागायला कुठल्याही दुकानात संकोच करू नये.

आपली,
एक औषधविक्रेती
लोकमान्य नगर, इंदूर